तुम्ही विचारलंत म्हणून: "त्यांना औषधं फुकट का?"

गणपतीच्या महाप्रसादाला, दिवाळीच्या फराळाला, परवा तर एका बारशाला. मी कॅनडात, सस्कॅचेवान प्रांतात फार्मसिस्ट आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "यांची औषधं आपल्या टॅक्समधून ना?" 'यांची' म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची; क्री असोत, डेने असोत, सगळे त्या एका शब्दात बसतात. इतकी वर्षं मी हसून ताट घेऊन पुढे सरकलो. आता लिहूनच टाकतो.

ऑगस्ट १८७६, फोर्ट कार्लटन. देवीच्या साथीत माणसं गेलेली, बायसनचे कळप संपत आलेले. मिस्तावासिस आणि आहताहकूप या क्री प्रमुखांनी पीटर इरॅस्मस हा दुभाषा स्वतः नेमून आणला होता. सरकारच्या दुभाष्यांवर विसंबायची त्यांची तयारी नव्हती. जमिनीबद्दल ब्रिटिश राजसत्तेशी तिथे झालेल्या सहाव्या तहात एक कलम आहे, ते आधीच्या पाच तहांच्या मजकुरात नाही: प्रत्येक इंडियन एजंटच्या (मूळ रहिवाशांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) घरी औषधांची पेटी ठेवली जाईल. ते क्रींनी मागून घेतलंय.

इथेच थांबलो असतो तर माझी बाजू भक्कम दिसली असती. पण १९३५ साली एका कोर्टाने 'पेटी'चा अर्थ लागतील ती सगळी औषधं असा लावला, तर १९६६ साली सस्कॅचेवानच्या अपील कोर्टाने पेटी म्हणजे पेटीच असा. आणि आज मी त्यांच्या औषधांची बिलं ज्या सरकारी योजनेत पाठवतो ती आमचं धोरण आहे, तहाचं देणं नव्हे, असं सरकार म्हणतं. तेव्हा कायद्याने उत्तर हवं असेल तर ते माझ्याजवळ नाही.

माझ्याजवळ एक दुपार आहे. नोकरीचं पहिलं वर्ष, डिसेंबर, काउंटरपुढे सात-आठ माणसं. एका म्हाताऱ्या बाईंचा क्लेम परत आला. त्या औषधाला आधी मंजुरी लागत होती. रिझर्व्हवरून, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या वस्तीवरून, कुणाच्या तरी गाडीतून त्या आल्या होत्या, परत कधी येता येईल हे त्यांनाच माहीत नव्हतं. चार गोळ्या काढून देऊन मंजुरी येईपर्यंत निभावता आलं असतं, मला ते येत होतं. मी म्हणालो, "तुम्हाला फुकटच मिळणार आहे ना, मग दोन दिवस थांबा की." आवाज जरा चढलाच. रांगेत कुणीतरी हसलं. ते हसू मला आवडलं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाईंनी विचारलं, "तू कुठला?"
"इंडिया."
"मग तुला कुणी सांगितलं नसेल," म्हणाल्या आणि हातमोजे चढवून बाहेर गेल्या. उणे तीसमध्ये. गोळ्या न घेता.

त्या तशा बोलल्या तेव्हा मला रागच आला होता. आणि मी कोण, तर धरणग्रस्ताचा नातू! पर्यायी जमिनीच्या कागदासाठी आजोबांनी कचेरीत घातलेले खेटे मी लहानपणी पाहिलेत. त्यांना कुणी 'फुकटे' म्हटलं असतं तर आम्ही त्याला दारात उभं केलं नसतं.

नंतर वाचलं, ऐकलं आणि एक छान उत्तर तयार केलं: ही जमिनीची किंमत आहे, हप्ते अजून चालू आहेत. मंडळात दोनदा ऐकवलंही, माना डोलल्या. मग एका क्री वडीलधाऱ्यांनी शांतपणे ते मोडलं. जमीन विकलीच नव्हती म्हणाले. नांगराचा फाळ जाईल तेवढी खोली वाटून घ्यायची, असं ठरलं होतं. म्हणजे माझा 'हप्ता'ही चुकला. पुढचा शब्द मला सापडलेला नाही.

नागरिकत्वाची शपथ मी २०२२ मध्ये घेतली. आदल्याच वर्षी तिच्यात मूळ रहिवाशांच्या तहाच्या हक्कांचा उल्लेख आला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हीच घेतलीय. मीही बाकीच्यांच्या सुरात ते वाक्य पुटपुटून मोकळा झालो. बाहेर केक होता.

त्या बाई अजून येतात. मी काउंटरवर दिसलो की दुसऱ्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहतात, तिथे रांग मोठी असली तरी.