सुझौच्या बायकांना इंग्रजीत बोलतं करताना

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चीनमधल्या सुझौला आलो तेव्हाच माहीत होतं की मला इथे काम करता येणार नाही. एक तर डिपेंडंट व्हिसा, त्यात इंग्रजी शिकवायचं वर्क परमिट साधारणपणे अमेरिका ब्रिटन कॅनडा ऑस्ट्रेलिया असल्या देशांच्या पासपोर्टवरच मिळतं, माझ्या बीएडला आणि सांगलीतल्या मराठी मिडियमच्या शाळेतल्या अनुभवाला इथे कोण विचारतंय. त्यामुळे जे काही केलं ते फुकट, सोसायटीतल्या बायकांसाठी, क्लबहाऊसमध्ये चहा पीत पीत. सुरुवात त्यांनीच केली खरं तर. 2021 मध्ये सरकारने शाळेच्या विषयांच्या खाजगी क्लासेसवर बडगा उगारला, मुलांचे इंग्रजीचे क्लास बंद पडले, मग आयांना वाटलं आपणच घरी मुलांशी इंग्रजी बोलू. आणि बोलायला गेल्या तर तोंडच उघडेना.

आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं चिनी लोकांना इंग्रजी येतच नाही. अहो येतं! तिसरीपासून शिकतात. गाओकाओ म्हणजे बारावीनंतरची त्यांची ती महाभयंकर प्रवेश परीक्षा, तिच्यात 750 पैकी 150 मार्क इंग्रजीचे. कॉलेजात परत सीईटी फोर आणि सीईटी सिक्स नावाच्या इंग्रजीच्या परीक्षा (आपली सीईटी नव्हे). माझ्या ग्रुपमधली एक अकाउंट्सवाली सिक्स पास आहे, तिच्या मेलमधले शब्द मीच एकदा गुगल करायला गेले असते पण इथे गुगलही नाही. पण गाओकाओत बहुतेक प्रांतांमध्ये बोलण्याचे मार्क एकूणात धरतच नाहीत, शांघायसारख्या मोजक्या ठिकाणी धरतात एवढंच, मग पोरं कशाला बोलतील, आणि वर्गात पन्नास जणांसमोर उभं राहून चुकायची हौस कुणाला असते. यालाच ते लोक स्वतःच मुकं इंग्रजी म्हणतात.

पहिल्या भेटीत मी हाऊ आर यू विचारलं, तर सगळ्यांचं एका सुरात फाइन थँक्यू अँड यू. पाठ्यपुस्तकातलं. त्यानंतर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि सगळ्या मान खाली घालून मोबाईलमध्ये. मास्तरकीची सवय अशी की शांतता झाली की आपणच बोलायचं, दुसरा प्रश्न टाकायचा, उत्तर सुचवायचं. ते मी मुद्दाम बंद केलं. प्रश्न विचारायचा, आणि गप्प बसून चहा प्यायचा. कारण त्या गप्प असतात तेव्हा डोक्यात वाक्य जुळवत असतात, काळ तपासत असतात, दोन बोलायच्या ठिकाणी चार शब्द मागेपुढे करत असतात, आणि आपण मध्येच बोललो की ते सगळं मोडतं.

दुसरं म्हणजे पूर्ण ग्रुपसमोर बोलायला लावणं बंद. जोड्या करायच्या. एकीने दुसरीला चार मिनिटं एखादी गोष्ट सांगायची, मग जोडी बदलून तीच गोष्ट तिसरीला तीन मिनिटांत, मग आणखी एकीला दोन मिनिटांत. ही युक्ती जुनीच आहे, इंग्रजी शिकवणाऱ्यांना माहीत असते, पण इथे ती जशी लागू पडली तशी सांगलीतही पडली नव्हती. पहिल्या फेरीत अडखळतात, तिसरीत गाडी सुसाट, कारण शब्द आता शोधावे लागत नाहीत आणि ऐकणारीला गोष्ट नवीनच असते, म्हणजे चेहरा गेला, आपल्या भाषेत लाज गेली, वगैरे प्रश्न नाही. चारचौघांत शोभा होऊ नये ही धडपड इथे फार, आपल्याकडेही काही कमी नाही म्हणा.

विषय मात्र त्यांचेच हवेत. ग्लोबल वॉर्मिंगवर बोला म्हटलं की पुन्हा निबंध सुरू. ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये इथे यांगचेंग तलावातल्या केसाळ खेकड्यांचा सीझन असतो, सुझौचा अभिमानच तो. तेव्हा एक साठीच्या आसपासची काकू (नातवासाठी शिकायला येते) खेकडा कसा निवडायचा ते सांगत होती. तो दोरीने बांधायचा, पोट वर करून वाफवायचा, आलं घातलेल्या व्हिनेगरबरोबर खायचा. आता चिनी बोलण्यात तो आणि ती दोन्ही ता, उच्चार एकच, म्हणून इंग्रजीतल्या ही आणि शी ची कायमची सरमिसळ, शिकलेल्या लोकांचीसुद्धा. एरवी चालून जातं, पण इथे त्यांच्या पंचांगाच्या नवव्या महिन्यात मादी खायची आणि दहाव्यात नर, आणि काकू ही इज फुल ऑफ एग्ज म्हणतेय! समोरची म्हणाली ही ऑर शी? काकू थांबली, हसली, शी शी शी, आणि पुढे सगळं बरोबर. मी एक शब्द बोलले नाही. बोलताना मध्ये न टोकायचा नियम तसाही होताच, चुका वहीत लिहून शेवटी नावं न घेता फळ्यावर.

उच्चारांवर मी फार वेळ घालवला नाही. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी न किंवा ङ सोडून जवळपास व्यंजनच येत नाही, त्यामुळे गुडचं गुड्अ होतं, आणि इंग्रजी टीएचचा आवाज नाही म्हणून थँकचं सँक. समजतं ना, बास. आणि व्ही डब्ल्यू सुधारायला मी कोण, आपण मराठी माणसं दोन्ही व वरच भागवतो. उलट माझ्या या देशी इंग्रजीचा फायदाच झाला. एकीने सरळ सांगितलं, अमेरिकन माणसासमोर मला परीक्षा वाटते, लाओशी, तुझ्यासमोर नाही वाटत. लाओशी म्हणजे शिकवणाऱ्या बाई. नाराज व्हायचं की खूश कळेना, पण मुद्दा बरोबर होता.

मधल्या दिवसांत वीचॅटवर (इथलं व्हॉट्सअॅपच म्हणा) व्हॉइस मेसेज. एक मिनिटाच्या आत, स्वतःशी कितीही वेळा रेकॉर्ड करून पाठवा, लिहिलेलं वाचून दाखवायचं नाही एवढीच अट. पहिले मेसेज रात्री अकरानंतर यायचे, मुलं झोपल्यावर, कुजबुजत. मग भाजी घेताना, ईबाईकवरून, मागे हॉर्न वाजतायत.

अकाउंट्सवाली आता जर्मन हेड ऑफिसच्या कॉलवर बोलते, कमी पण बोलते. काकू नातवाशी इंग्रजीत भांडते. फोन मात्र अजून जमत नाही कुणालाच, अनोळखी माणसाचा इंग्रजीत फोन आला की सरळ कट. त्यासाठी आता आम्ही क्लबहाऊसच्या दोन वेगळ्या खोल्यांत बसून एकमेकींना खरे फोन लावतोय, हॉटेल बुकिंग, कुरिअरची तक्रार असलं काहीतरी. परवा एकीने कुरिअरवाल्याला इतकं झापलं की पलीकडची खरंच सॉरी म्हणाली.