दवाचा अर्धा किलो

बुधवार, 12 नोव्हेंबर 2025

कापसाच्या दुसऱ्या वेच्याचा आज तिसरा दिवस. एकाच ऑटोत कोंबून अकरा बाया आल्या, शेजारच्या गावाहून. ऑटोचं भाडं आपण द्यायचं, हे आता ठरूनच गेलंय. वेचणीच्या सुरुवातीची पूजा, सीतादही, केली त्या दिवशी गावातल्याच पाचजणी होत्या, पण आता सगळ्यांचाच कापूस एकदम फुटलाय, गावात कोण मिळतं!

सातला त्या पातीला लागल्या तेव्हा बोंडांवर चांगलं दव होतं. मीही दोन तास पात धरली. वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधली की पहिली दहा मिनिटं मजा वाटते, मग वाळलेल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेला रुतायला लागतात. दोन तासांत माझे सहा किलो. बाजूच्या पातीतल्या काकूंचे दोन्ही हात वेगवेगळ्या झाडांवर, तोंड सुनेच्या बाळंतपणावर. त्यांच्या ओटीत काडीकचरा नाही. माझ्या ओटीत अर्धं शेत.

संध्याकाळी निंबाच्या फांदीला काटा टांगला. काकूंचं गाठोडं 44 किलो भरलं. मी वहीत 43.5 लिहिलं. काकूंना वाचता येत नाही, पण काट्यावरचे आकडे बरोबर कळतात.

"अर्धा किलो कुठी गेला वो वहिनी?"

"ओला आहे ना कापूस, काकू."

"मंग दव का मी पाडलं काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण वही बदलली नाही.

वेचणी 10 रुपये किलो, म्हणजे क्विंटलला 1000, वर ऑटो. लांब धाग्याचा यंदाचा हमीभाव 8110. पण तो 8 टक्के ओलाव्यापर्यंत. पुढे प्रत्येक टक्क्याला कपात आणि 12 च्या वर गेला की हमीभावानं घेणारं सरकारी कापूस महामंडळ, सीसीआय, गाडी परत पाठवतं. तिथे माझे कटतात म्हणून मी इथे यांचे कापते. सासरे तर गाठोड्याच्या धडप्याचा, म्हणजे बांधायच्या कापडाचा, वेगळा किलो धरायचे. मी तो बंद केला, याचा मला उगाच अभिमान होता. आजचा हिशेब काय? अकरा जणींचे मिळून 55 रुपये.

काकूंचा नवरा फवारणीला जायचा. 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-मजूर गेले, तेव्हा तोही आठ दिवस दवाखान्यात होता. त्यानंतर त्यानं पंप पाठीला लावला नाही. दिवाळी ते संक्रांत घर चालतं ते या ओटीवर.

"उद्यापासून नऊला या," म्हणून पाहिलं. ऑटोवाला नाही म्हणाला, त्याची दुसरी खेप असते. काकू म्हणाल्या, "नऊला आलो त दहा किलो कमी होते वहिनी. ते कोन देईन?"

मग त्यांनीच सुचवलं: दव सुकेपर्यंतचं गाठोडं वेगळं बांधायचं, ताडपत्रीवर वाळू घालायचं आणि काट धरायची नाही. ठरलं. तिघींचे आकडे काट्यासमोरच दुरुस्त केले, बाकीच्या ऑटोत बसल्या होत्या, त्यांचे उद्या.

रात्री ताडपत्री उघडून पाहिली तर उंदरांनी मधोमध कुरतडलेली. सकाळी साडेसहाच्या आत शेजारच्यांकडून मागून आणायला हवी.