मॅकबेथच्या तालमी : पहिल्या अंकातील भाकिताचे काम कुठवर आले

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’च्या पहिल्या अंकाचे वाचन संपवून आम्ही आता प्रवेश उभे करू लागलो आहोत, आणि तालमींचा बहुतेक वेळ सध्या तिसऱ्या प्रवेशालाच जात आहे. तो जायलाच हवा, कारण पुढचे सगळे नाटक याच प्रवेशात पेटते. माळरानावर चेटकिणी मॅकबेथचे तीन नावांनी स्वागत करतात : ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार आणि पुढे होणारा राजा. वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ या नावाने या नाटकाचे मराठी रूपांतर केले आहे. आम्ही मात्र स्थळे आणि नावे स्कॉटलंडचीच ठेवली आहेत.

या तीन नावांपैकी पहिले मॅकबेथकडे आधीपासूनच आहे. दुसरे त्याला मिळाले आहे, पण ते त्याला ठाऊक नाही. आदल्याच प्रवेशात डंकन राजाने तशी आज्ञा दिली आहे आणि ती प्रेक्षकांनी ऐकली आहे. त्यामुळे प्रेक्षकांच्या दृष्टीने खरे भाकीत एकच, तिसरे. मॅकबेथला मात्र राजाकडून आलेला सरदार रॉस कॉडॉरच्या सरदारकीची बातमी सांगतो तेव्हा ती पुरावा वाटते, आणि दोन गोष्टी खऱ्या ठरल्या म्हणजे तिसरीही ठरणार, असा हिशेब तो मनाशी मांडू लागतो. हा हिशेब चेहऱ्यावर दिसावा म्हणून रॉसला आम्ही प्रेक्षकांकडे पाठ करून उभे केले आहे. बातमी काय आहे हे प्रेक्षकांना माहीतच आहे. ती ऐकणारा माणूस त्यांना दिसला पाहिजे.

त्याआधीची एक जागा फार नाजूक आहे. राजपदाचे भाकीत ऐकताच मॅकबेथ दचकतो, पण हे आपल्याला कळते ते त्याच्यासोबत असलेला सेनापती बँको याच्या तोंडून : इतकी गोड वाटणारी गोष्ट ऐकून तू घाबरल्यासारखा का झालास, असे तो विचारतो. म्हणजे ते वाक्य येण्याआधीच दचकणे घडून गेलेले असले पाहिजे. मागे सरणे, तलवारीच्या मुठीवर हात जाणे, असे पर्याय आम्ही करून पाहिले. ते डोळ्यांना दिसत होते, पण मनाला पटत नव्हते. आता मॅकबेथ चालता चालता थांबतो, एवढेच ठेवले आहे. लाकडी रंगमंचावर दोघांच्या बुटांचा आवाज एका लयीत येत असतो, त्यातला एक अचानक बंद पडतो आणि म्हणून बँको वळून पाहतो. भल्याची बातमी ऐकून माणूस घाबरतो तो बहुधा तीच गोष्ट त्याने आधी मनात घोळवलेली असते म्हणून, आणि हे त्या थांबण्यातून उमटते.

चेटकिणींच्या बोलण्यात खुनाचा उल्लेखही नाही. तो विचार प्रथम येतो तो मॅकबेथच्या स्वगतात, आणि तोही अंगावर काटा आणणारे चित्र म्हणून. त्याच स्वगतात पुढे तो म्हणतो की नशिबाला मला राजा करायचेच असेल, तर मी हात न हलवताही ते मला मुकुट घालील. अभिनेत्याने हे वाक्य मनापासून, सुटकेचा श्वास टाकल्यासारखे म्हणावे, असा माझा आग्रह आहे, कारण पुढच्याच प्रवेशात डंकन आपला मुलगा माल्कम याला वारस म्हणून जाहीर करतो आणि वाट पाहण्याचा मार्ग बंद होतो. त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये राज्य थोरल्या मुलाकडे आपोआप जात नसे, त्यामुळे राजाचा नातलग आणि विजयी सेनापती असलेल्या मॅकबेथची आशा अगदीच पोकळ नव्हती. माल्कम ही पायरी आहे, तिच्यावर अडखळून पडायचे किंवा तिच्यावरून उडी मारायची, हे त्याचे उद्गार म्हणूनच नीट ऐकू आले पाहिजेत.

बँकोची भूमिका करणाऱ्यालाही मी दुय्यम मानत नाही. आपले वंशज राजे होतील, हे त्यानेही त्याच ठिकाणी ऐकले आहे. तो मात्र बजावतो की काळोखाचे हस्तक क्षुल्लक बाबतीत खरे बोलून माणसाला जिंकतात आणि मोठ्या बाबतीत त्याचा घात करतात. शेक्सपिअरने ज्या होलिनशेडच्या बखरीचा आधार घेतला, तिच्यात बँको डंकनच्या खुनाच्या कटात सामील आहे; नाटकात तो नाही. शेक्सपिअरच्या काळचा इंग्लंडचा राजा पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे, त्यामुळे हा बदल राजाला रुचणारा होता. पण नाटकाला त्याचा याहून मोठा लाभ झाला. एकच भाकीत दोन माणसांत कसे वेगवेगळे रुजते, हे त्यामुळे एकाच प्रवेशात समोरासमोर दिसते. तिसऱ्या अंकात बँकोच्या मनातही आशा डोकावते, म्हणून त्याला आम्ही संतासारखा रंगवत नाही. मोह होऊनही तो हातात शस्त्र घेत नाही, एवढा फरक आम्हाला पुरेसा वाटतो.

आता सातव्या प्रवेशाकडे वळायचे आहे. तिथे मॅकबेथ डंकनच्या खुनाच्या बेतातून माघार घेऊ पाहतो, तेव्हा त्याची पत्नी लेडी मॅकबेथ त्याला सुनावते की हा बेत प्रथम तूच माझ्यापुढे मांडलास, आणि तेव्हा काळवेळही अनुकूल नव्हती. हे बोलणे कधी झाले, ते नाटकात कुठेच दाखवलेले नाही. ते चेटकिणी भेटण्यापूर्वीचे आहे असे धरून आम्ही तालीम करणार आहोत, आणि तसे धरले की तिसऱ्या प्रवेशातले ते थांबणे आणखी स्पष्ट करावे लागेल का, हे या दोन प्रवेशांची सलग तालीम घेऊन ठरवू.