एमजीबीची जाळी आणि ‘उद्या नक्की’

माझी एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६५ची. कात्रजच्या घाटात तापायची. ‘विलायती गाडी, तापणारच’ इथून सुरुवात करून जो तो एकच उपाय सांगायचा: थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाका. काढू नका. त्याच्याशिवाय मोकळ्या रस्त्यावर इंजिन नीट गरमच होत नाही आणि मूळ दुखणं तसंच राहतं. उष्ण देशांसाठी कंपनीनेच ७४ अंशांचा थर्मोस्टॅट सांगितलेला आहे, तो बसवा.

त्याआधी गाडी कधी तापते ते बघा. सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि पळायला लागल्यावर उतरतो, म्हणजे हवा कमी पडतेय, पंखा बदला. समोरून वारा लागतोय, तरी चढावर काटा चढतोच, म्हणजे रेडिएटरची जाळी गेली. माझ्याकडे दोन्ही होतं.

पंख्याचं काम सुरळीत झालं. या सालच्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो आणि डायनामो जेमतेम २२ अँपिअरचा. हेडलाइट लावून ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात तर त्याच्या जिवावर इलेक्ट्रिक पंखा चालणार नाही. माझ्या गाडीला जास्त वीज देणारा अल्टरनेटर आधीच बसवलेला होता, मायनसही बॉडीला घेतला होता. इलेक्ट्रिशियन चांगला भेटला. रिले, वेगळा फ्यूज, सगळं न सांगता केलं.

खरा छळ जाळीचा.

मला वरची-खालची पितळी टाकी मूळचीच ठेवून मधली जाळी तेवढी नवीन, दाट हवी होती. नाना पेठेतल्या एका रेडिएटरवाल्याने टाक्या उलट्यापालट्या करून पाहिल्या आणि म्हणाला, “साहेब, ॲल्युमिनियमचा तयार घ्या ना, आत्ता बसवून देतो.” नको म्हटलं. “मग मुंबईहून जाळी मागवावी लागेल. उद्या नक्की.” ॲडव्हान्स दिला तेव्हा पाऊस चालू होता.

पुढे फोन केला की माल ‘निघालेला’ असायचा. कधी गणपती, कधी ट्रान्सपोर्टवाल्याचा संप, कधी पोरगा गावाला. प्रत्यक्ष गेलं की चहा मात्र लगेच यायचा. दसऱ्याच्या सुमारास जाळी आली एकदाची. नळ्यांच्या चार ओळींची, जाड, दिसायला भारी. मी खिशातली पट्टी काढून नळ्यांमधली पातळ पाती मोजली: एका इंचात आठ. ट्रॅक्टरची जाळी! शेतात धूळ-भुसा अडकू नये म्हणून पाती विरळ ठेवतात. माझ्या गाडीला इंचात बारा-चौदा तरी हवीत. नळ्यांच्या ओळी वाढवल्या की थंडावा वाढतो असं सगळ्यांना वाटतं. पण हवेला उष्णता देतात ती पातीच, आणि ती विरळ असली तर मागच्या ओळी नुसतं वजन.

“साहेब, पाणी जातंय ना? मग झालं की!”

“दादा, पाणी पन्हळीतूनही जातं.”

ते हसले, मी नाही हसलो. पट्टी काउंटरवरच ठेवली आणि बारा पातींची येईपर्यंत उरलेले पैसे मिळणार नाहीत म्हणून सांगितलं. त्यावर ती बरीच लवकर आली हो! म्हणजे माल मिळत होता, मागवत कोणी नव्हतं. तेव्हा ऑर्डरच्या पावतीवर लांबी, रुंदी, जाडीबरोबर ‘इंचाला पाती किती’ हेही लिहून घ्या.

काम करताना मात्र समोर बसा. बघण्यासारखं असतं. ज्योत फिरवली की सांध्याचा जुना डाग (कथील) चकाकत पाघळतो आणि टाकी अलगद सुटते. माझ्या टाकीच्या तळाला बोरच्या पाण्याचा पांढरा थर खरवडून काढावा लागला. (डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट, निम्मं निम्मं. नळाचं पाणी नको.) टाकी उघडी आहे तोवरच पंख्याचा थर्मोस्विच (पाणी तापलं की पंखा चालू करणारा) बसवायला पितळी तोंड डागून घ्या. माझा ९२ अंशांना चालू, ८७ला बंद होतो. डाग दिल्यावर तोंडं बंद करून हवा भरतात आणि रेडिएटर हौदात बुडवतात. मी तिथेच उभा राहून बुडबुडे शोधत होतो. एका कोपऱ्यातून अगदी बारीक माळ निघाली, त्यांनी निमूट पुन्हा डाग दिला. रेडिएटरचं झाकण जास्त पौंडांचं, म्हणजे जास्त दाब धरणारं, लावू नका, जुनी हीटरची जाळी आधी फुटेल.

पाणी भरताना हीटरचा व्हॉल्व्ह उघडा आणि गाडीचं नाक चढावर ठेवा, म्हणजे हवा अडकत नाही. आणि हो, खर्चात पडण्याआधी इंजिनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासा. मागे पडलेल्या टायमिंगनेही इंजिन तापतं.

आता भर दुपारी कात्रज चढतो, काटा जागचा हलत नाही.

बिल देताना माझी जुनी जाळी दिसेना. विचारल्यावर “ती भंगारात गेली” म्हणाले. तांब्या-पितळेचा भाव मला माहीत होता. मग ती आतल्या खोलीतून निघाली, काट्यावर चढली आणि तेवढे पैसे बिलातून कमी झाले.