नळदुर्गचा उपळी बुरूज: सोलापूरहून एका दिवसात, तोफखान्यातल्या माणसाच्या नजरेनं

नळदुर्गच्या किल्ल्यात जाणारे बहुतेक जण बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल बघतात, पावसाळा असेल तर नर-मादी धबधब्यांपुढं फोटो काढतात आणि तुळजापूरकडं निघतात. किल्ल्यातला उंच उपळी बुरूज 'वेळ उरला तर' या यादीत असतो. आम्ही उलट केलं. सोबत मामा होते. त्यांची सगळी नोकरी तोफखान्यात गेली आणि त्यातली बरीच वर्षं ओपीवर. ओपी म्हणजे तोफांच्या पुष्कळ पुढं, जिथून शत्रू दिसतो अशा जागी बसलेली दोन-तीन माणसं. तोफेवरच्या जवानाला आपला गोळा कुठं पडला ते दिसतच नाही. ओपीवाला बघतो आणि 'ॲड २००', 'ड्रॉप १००', म्हणजे दोनशे मीटर पुढं टाका, शंभर मीटर अलीकडं घ्या, असं कळवत राहतो.

आधी जाण्याचं सांगतो. सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं नळदुर्ग पन्नासेक किलोमीटर. उमरग्याकडं जाणाऱ्या एसट्या नळदुर्गवरून जातात, स्टँडवर विचारून चढा. स्वतःची गाडी असेल तर सकाळी सातच्या आत सोलापूर सोडा, म्हणजे किल्ला उघडल्या उघडल्या आत जाता येतं. तिकीट आहे, सुटे पैसे ठेवा. मार्च ते मे जाऊ नका, सोलापूरकरांना ऊन कोणी शिकवायला नको, पण किल्ल्याच्या आत काळा दगड तापतो तेव्हा ते वेगळंच प्रकरण असतं. पाणी घरूनच न्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून नेली तर जेवणासाठी कुठं शोधाशोध नको. पौष पौर्णिमेला मैलारपूरच्या खंडोबाची यात्रा असते; देवदर्शन करायचं नसेल तर तो आठवडा टाळा.

आत गेल्यावर आधी थेट उपळी बुरूज गाठा, पाणीमहाल उन्हं वर आल्यावर. तो आतून गार असतो. बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत, उतरताना जास्त जपावं लागतं. गुडघेदुखीवाल्यांनी खालूनच बघावं. मामांनी ऐकलं नाही, ते दोनदा टेकत वर आले. वर दोन लांब लोखंडी तोफा, लोक त्यांना हत्ती तोफ आणि मगर तोफ म्हणतात. मुलं त्यांच्यावर घोडा घोडा करतात, तेवढं करू देऊ नका.

मामांनी तोफांकडं पाठ फिरवली आणि पहिल्यांदा चारी दिशांनी फिरून बघितलं. मग म्हणाले, "ही तोफेची जागा नाही रे, ही ओपी आहे." त्यांचं म्हणणं असं: एवढ्या उंचावरून तोफेचं तोंड खाली झुकवून जवळ मारता येत नाही, झुकवलं तर गोळाच पुढं घरंगळेल. म्हणजे तटाजवळचा बराच पट्टा माऱ्याबाहेर राहतो. तो खालच्या बुरुजांनी सांभाळायचा. मला हे पूर्ण पटलं नाही, कारण उंचीनं गोळ्याचा पल्ला थोडा तरी वाढतोच. पण नळदुर्गला डोंगर नाही, सपाटीवर नजर टाकायला उंची बांधूनच काढावी लागते, हे मात्र खरं.

शत्रूची जहाजं लांबून हेरायला समुद्रकिनाऱ्यावरही हाच उंचीचा प्रश्न होता, फक्त तिथं माळाच्या जागी पाणी. वाळूत उभ्या माणसाला क्षितिज साडेचार किलोमीटरवर दिसतं. डोळा २४ मीटरवर नेला की तेच साडेसतरा किलोमीटरवर जातं. म्हणून किनारी तोफखान्याच्या टेहळणी चौक्या कड्यावर नाहीतर मनोऱ्यावर. पण नुसतं दिसून भागत नाही, जहाज किती लांब आहे ते कळायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश तोफखान्यातल्या वॉटकिन नावाच्या अधिकाऱ्यानं यासाठी यंत्र केलं. आपण समुद्रापासून किती उंच आहोत ते माहीत असतं. दुर्बीण जहाजाच्या पाणरेषेवर धरायची, ती आडव्या रेषेपासून किती खाली झुकली त्यावरून अंतर निघतं. ३० मीटर उंचीवरून तीन किलोमीटरवरचं जहाज अर्ध्या अंशाहून थोडंसंच जास्त खाली दिसतं आणि सहा किलोमीटरवरचं पाव अंशाच्या किंचित वर. एवढ्याशा फरकावर सगळा हिशोब, त्यात भरती-ओहोटीनं पाण्याची पातळी बदलते तीही धरायची. चौकी जितकी उंच तितकी चूक कमी.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत डोळा आणि तोफ पुरते वेगळे झाले होते. नॉर्मंडीत लाँग-सुर-मेर इथं जर्मनांच्या चार तोफा मागं शेतात आहेत आणि निरीक्षणाची काँक्रीटची चौकी पुढं कड्याच्या टोकाशी. अमेरिकेत डेलावेअरच्या किनाऱ्यावर गोल मनोरे उभे केले. दोन मनोऱ्यांमधलं अंतर मोजलेलं, दोघांनी एकाच जहाजाचा कोन घ्यायचा, आणि त्रिकोण सोडवून जागा काढायची. मनोऱ्यात बसलेला माणूस तोफेला हातही लावत नव्हता. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "आम्हीही तेच करत होतो, फक्त मासे नव्हते."

नळदुर्गच्या माळावर वॉटकिनचं यंत्र चाललं नसतं. जमीन खालीवर आहे, पाण्यासारखी एक पातळी नाही. इथं खुणेचं झाड, ओढ्याचा उतार, वाटेचं वळण यांची अंतरं आधीच पाठ असणं हाच उपाय.

आता ज्यासाठी सोलापूरकरानं इथं यायलाच हवं ते. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौजा सोलापूरहून हैदराबाद संस्थानात शिरल्या, मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या नेतृत्वाखाली. पहिली लढाई नळदुर्गलाच झाली. समोर निजामाची १ हैदराबाद इन्फन्ट्री होती. सातव्या ब्रिगेडनं बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती घेतला, दुसऱ्या शीख पलटणीनं नळदुर्गच्या मोर्च्यांवर हल्ला चढवला, आणि सकाळी नऊला रणगाडे पुढं जळकोटात होते. पाचव्या दिवशी सगळं संपलं. पूल उडवला गेला असता तर रणगाडे नदीशीच अडकले असते. म्हणून परतताना बोरीच्या पुलावरून जाताना मुलांना एवढं तरी सांगा. गाडी मात्र पुलावर उभी करू नका, ट्रक फार जोरात येतात.

संध्याकाळी सोलापूरात वेळ उरला तर भुईकोट किल्ला. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेनं पेशव्यांच्या शेवटच्या पायदळाला आणि तोफखान्याला इथंच गाठलं. आता आत बाग आहे. सिद्धेश्वर तळ्याच्या अंगानं तटाला वळसा घालून बघा, दुहेरी तटबंदी तिथून नीट कळते.

दुसरा दिवस हाताशी असेल तर विजापूर, शंभरेक किलोमीटर. तिथलाही उपळी बुरूज बघा, १५८४ चा, हैदरखानानं बांधलेला, साधारण २४ मीटर उंच, बाहेरून गोल फिरत जाणाऱ्या पायऱ्यांचा. वर पट्ट्या आणि कडी जोडून केलेली लांबलचक तोफ आहे. पंचावन्न टनांची मलिक-ए-मैदान तोफ जवळच्याच दुसऱ्या बुरुजावर आहे. गर्दी तिच्याभोवती असते, म्हणून आधी उपळी बुरूज उरकून घ्या.