नाथसागराच्या काठी वाकळा धुवायला

शिवरात्र झाली की थंडी उतरते, ऊन अजून चावायला लागलेलं नसतं, त्या मधल्या दिवसांत आम्ही मावशीच्या वस्तीवर जातो. वस्ती म्हणजे नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठाला शेतात बांधलेलं दोन खोल्यांचं घर. वर पत्रे, पुढं ओटा, ओट्यासमोर लिंब, आणि लिंबाच्या पलीकडं उतार संपला की नुसतं पाणी, इतकं की पलीकडचा काठ दिसत नाही. ऑफिसात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, एका रात्रीचे किती घेतात? मावशी पैसे घेत नाही, काम घेते. आणि मला तोच पाहुणचार आवडतो. जिथं आपल्याला गादीवर बसवून पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून देतात तिथं मी दुसऱ्या दिवशी निघायची कारणं शोधायला लागते.

यंदा आईनं घरातल्या सगळ्या वाकळा, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधड्या, गाडीत टाकल्या. डिकी भरली, मागच्या सीटवर पोरांच्या मांडीवर दोन आल्या, नवरा म्हणाला आपण फिरायला चाललोय का बिऱ्हाड हलवतोय. पण आईचं बरोबर होतं. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, कधी त्याच्याही पुढं जातं, मग त्या दिवशी रात्री दोनला उठून का असेना पण टाकी, ड्रम, बादल्या, पातेली सगळं भरून घ्यायचं. एक वाकळ भिजली की चार बादल्या पाणी पिते. मशीनमध्ये मावत नाही, लॉन्ड्रीवाला हातात घेऊन बघतो आणि परत देतो. त्यामुळं गेल्या दसऱ्याला आमच्या वाकळांना नुसतं गच्चीवरचं ऊन मिळालं होतं, पाणी नाही. आईला ते इतकं लागलं होतं की दिवाळीपर्यंत ती बोलून दाखवत होती.

रस्त्याबद्दल लिहीत नाही. संभाजीनगर ते पैठण पन्नास-एक किलोमीटर, बिडकीन सोडेपर्यंत धूळ, डायव्हर्जन आणि कंटेनर. पोचलो तेव्हा दिवे लागले होते, येसराची आमटी आणि गरम भाकरी खाऊन सगळे एकाच खोलीत ओळीनं झोपलो.

सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता, खाऊन वाकळा खाली नेल्या. मला वाटलं होतं सरळ पाण्यात उतरायचं आणि खडकावर आपटायचं. मावशीनं काठावरच थांबवलं. तिचा नियम ठरलेला आहे, साबण पाण्यात न्यायचा नाही. पाणी घागरीनं वर आणायचं, मोठ्या टबात वाकळ भिजवायची, पायानं तुडवायची, साबणाचं पाणी बांधाच्या पलीकडं ओतायचं, आणि फेस निघाला की मगच खळबळायला खाली न्यायची. दुप्पट मेहनत. पोरांना घागरी वाहायच्या होत्या, दहाव्या मिनिटाला पोरगी म्हणाली, "आजी, सगळं पाणी समोर असताना आपण ते उचलून वर का आणतोय?"

मावशी तुडवता तुडवता म्हणाली, "हेच पाणी तुमच्या नळाला जातंय माय. तुम्ही पिऊ राहिले त्याच्यात फेस कामून सोडू?"

पोरगी घागर घेऊन उभीच राहिली. तिनं एकदा त्या पाण्याकडं पाहिलं, जिथपर्यंत नजर जाते तिथपर्यंत, आणि मग विचारलं, "हेच? मग आपल्याकडं रोज का नाही येत?"

मला उत्तर देता येईना. पाइपलाइन जुनी झाली, शहर वाढलं, नव्या लाइनचं काम चालू आहे, हे सगळं मला माहीत आहे, दर उन्हाळ्यात पेपरात वाचते, पण त्या पाण्यासमोर उभं राहून ते शब्द तोंडातून निघेनात. आई वाकळ पिळत होती, तीही गप्प. उत्तर काकांनी दिलं, म्हणजे मावशीच्या मालकांनी. एरवी ते फार बोलत नाहीत. ते बांधावर बसून विळ्यानं हरभरा कापत होते, तिथून उठून खाली आले.

त्यांनी पोरीला हातानं दाखवलं, तिकडं आत, पाण्यात, आमचं गाव होतं. घर, विहीर, मारुतीचं देऊळ. या धरणाखाली शंभरावर गावांची जमीन गेली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली तेव्हा काका अगदी लहान होते, आणि १९७६च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं तोवर ते उचलून दुसरीकडं वसलेल्या गावातून शाळेत जायला लागले होते. नाव जायकवाडी का, तर धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी होणार होतं, जागा बदलून पैठणला आली आणि नाव तेच राहिलं. हे त्यांनी तिला सांगितलं तेव्हा आवाज साधाच होता. पण नंतर ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "आमच्या बापाला सांगितलं होतं, तुमचं गाव जाईल पण मराठवाड्याला पाणी मिळंल. बापानं रडत रडत घर सोडलं. आन या लेकराला आठ दिवसाला पाणी मिळू राहिलं? मग आमचं घेतलं कशाला?"

मी लहानपणापासून काकांना पाहत आले आहे. गाव गेलं म्हणून त्यांना चिडलेलं मी कधी पाहिलं नाही, मोबदल्याचा विषय निघाला तरी ते हात झटकून उठून जायचे. ते चिडले ते आमच्यासाठी. ज्या शहरानं त्यांच्या गावावरचं पाणी नेलं, त्या शहरातल्या पोरीला ते पाणी पोचत नाही म्हणून. आणि त्यांच्या स्वतःच्या घरात प्यायचं पाणी अजून हापशावरून येतं, लाइट असली तर बोअरचं. काठावर राहून. धरण भरलं की २७ दरवाज्यांचे फोटो पहिल्या पानावर येतात, आम्ही सगळे ते स्टेटसला ठेवतो, पूर्ण भरलं तर शंभर टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर पाणी, त्या दिवशी आम्हा शहरवाल्यांना केवढा आनंद होतो. काकांसारख्यांचा विचार त्या फोटोत कुठंच नसतो. मला त्या सकाळपासून तो आकडा ऐकला की आतून राग येतो, आणि तो यायलाच पाहिजे असं मला वाटतं.

काम मात्र थांबलं नाही. मावशी आणि आई वाकळीची दोन टोकं धरून पिळत होत्या, मध्येच थांबून ठिगळं ओळखत होत्या. हे त्यांच्या आईचं इरकली लुगडं, हे बाबांचं धोतर, हा मावशीचा लग्नाआधीचा परकर. एका हिरव्या तुकड्यावरून दोघींचं चांगलंच वाजलं, आई म्हणे माझी चोळी, मावशी म्हणे माझी. पोरगा खळबळायला गुडघाभर पाण्यात. दुपारपर्यंत सगळ्या वाकळा कडब्याच्या गंजीवर आणि खडकांवर पसरल्या, ओल्या वाकळीचा वास मला फार आवडतो.

मग हुळा. धरणाचं पाणी ओसरत जातं तशी काठाची गाळाची जमीन उघडी पडते, तिच्यात गहू, हरभरा पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात, खताशिवाय पीक येतं पण पाणी केव्हा किती मागं सरेल त्याच्यावर सगळा हिशेब. शेजारच्या गाळपेरातला ओला हरभरा काट्याकुट्यांवर भाजला, हात-तोंड काळं करून घाटे खाल्ले. पोरांनी त्या दिवशी मोबाइल मागितला नाही. तशी रेंजही फक्त ओट्याच्या एका कोपऱ्यात येते.

संध्याकाळी पट्टकदंब आले, डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसासारखे पक्षी. हिमालय ओलांडून येतात आणि मार्चअखेर परत निघतात. पाण्याच्या कडेला मोठा थवा उतरला होता, मासे धरणारे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकत होते आणि पक्षी त्यांना घाबरत नव्हते. घाबरले ते दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेव्हा तीन गाड्या काठापर्यंत आल्या आणि डिक्या उघडून स्पीकर लावले. हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. एक गाणं पूर्ण व्हायच्या आत सगळा थवा उठला आणि लांब निघून गेला. मागं राहिल्या कुरकुऱ्यांच्या पिशव्या आणि प्लॅस्टिकचे ग्लास, ते काकांनी आणि पोरांनी गोळा केले. मला त्या लोकांशी भांडायचं होतं, काका नको म्हणाले. मला अजूनही वाटतं भांडायला हवं होतं.

पैठणला नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं, षष्ठीच्या दिंड्या यायला अजून वेळ होता म्हणून निवांत झालं. आईनं एका दुकानात पैठणीच्या पदरावर हात फिरवला आणि किंमत न विचारता बाहेर आली. तिथलं ज्ञानेश्वर उद्यान पाहिलं नाही.

पत्ता बऱ्याच जणांनी विचारलाय, तो देणार नाही, ते मावशीचं घर आहे. पक्षी बघायचे तर सोनवाडीच्या बाजूनं जा, मार्च अर्धा व्हायच्या आत जा, सकाळी जा, आणि गाडीतला आवाज गाडीतच ठेवा, हात जोडून सांगते.

आम्हाला मावशीनं शाळेला सुट्टी लागली की कुरडया करायला बोलावलंय. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, ते शहरात तुमच्याकडं जमायचं नाही, म्हणाली. हापशावरून पाणी पोरगी आणणार आहे, तसं तिनं काकांना कबूल केलंय.