क्रँक बदलायला गेलो आणि बीबी बदलून आलो

माझी सायकल हायब्रिड आहे, सात वर्षं जुनी. पुढे पायडलजवळ तीन चेनव्हील म्हणजे दातेरी चाकं, ४८-३८-२८ दातांची, आणि मागे ११ ते ३२ दातांचे असे आठ गिअर. साताऱ्यात राहतो त्यामुळे रविवार म्हणजे यवतेश्वरचा घाट, जमलं तर पुढे कास. तर गेल्या पावसाळ्यानंतर घाटात उभं राहून पायडल मारलं की चेन उडायला लागली. उडायला म्हणजे खाली पडत नव्हती, दातावरून कट्कन सरकायची आणि गुडघा हँडलला आपटायचा. दोनदा आपटल्यावर घरी येऊन नीट बघितलं तर मधल्या चेनव्हीलचे दात मांजराच्या नखासारखे वाकडे झालेले.

याला कारण मीच. चेन कधी बदललीच नव्हती. चेनच्या एका पिनपासून पुढची पिन अर्धा इंच, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला पाहिजेत, साधी फूटपट्टी लावली तरी कळतं. अर्धा सूत वाढली की चेन बदलायची असते, माझी सूतभराच्याही पुढे गेली होती. अशी ताणलेली चेन मग पुढचं-मागचं सगळं खाते. मागचा कॅसेट, म्हणजे त्या आठ गिअरच्या चाकांचा गठ्ठा, तोही गेलाच होता, तो ११-३२ तसाच्या तसा नवा घेतला, त्यात काही अडचण नाही.

पुढचं मात्र फक्त एक चेनव्हील बदलता येईना कारण माझ्या क्रँकला, म्हणजे पायडल ज्यावर बसतं त्या दांड्याला, तिन्ही चेनव्हील रिव्हेट मारून बसवलेली. आपल्याकडच्या स्वस्त सायकलींना बऱ्याचदा असंच असतं, बोल्ट असते तर एक काढून दुसरं लावलं असतं. म्हणलं ठीक आहे, पूर्ण क्रँकसेटच बदलू, आणि बदलतोच आहे तर घाटासाठी जरा हलकं घेऊ. ४४-३२-२२. हिशोब असा केला की जुन्यात सगळ्यात हलक्या गिअरला २८ भागिले ३२, चाकाचा घेर २.१७ मीटर धरला तर पायडलच्या एका फेऱ्यात १.९० मीटर, आणि नव्यात २२ भागिले ३२ म्हणजे १.४९ मीटर. हा आकडा बघूनच माझा निर्णय झाला, बाकी काही बघायच्या आधी. इथंच चुकलं.

ऑनलाइन बघताना एवढी अक्कल होती की एक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या क्रँकला जोडणारा फ्रेममधला आडवा दांडा, दोन-तीन जातीचे असतात. माझा क्रँकचा बोल्ट काढून आत डोकावलं तर चौकोनी टोक दिसलं. काहींना २४ मिलिमीटरचा गोल पोकळ एक्सल उजव्या क्रँकलाच जोडून येतो, काहींना दातेवाला असतो, ते माझं नाही हे कळलं. चौकोनी आहे, चौकोनी मागवू. आर्डर केली. क्रँकची लांबी १७०, जुन्याइतकीच. पायडलचं भोक बहुतेक सगळ्या मोठ्या सायकलींना ९/१६ इंच असतं त्यामुळे पायडल जुनीच लागणार होती.

पेटी आली, क्रँक ओढून काढायचा पुलर पण मागवला होता, आणि शनिवारी दुपारी पार्किंगमध्ये बसलो. पुलरचं असं आहे की आधी तो क्रँकच्या आट्यांमध्ये शेवटपर्यंत हातानं फिरवून बसवायचा आणि मगच मधला दांडा पिळायचा. मी तीन-चार आटे बसल्यावर उत्साहात दांडा पिळला आणि डाव्या क्रँकचे आटे साबणासारखे निघून आले. आता पुलर धरायला जागाच नाही. शेजारच्या पोरानं सुचवलं की बोल्ट ढिला ठेवून तसंच कॉलनीत चार चकरा मार, आपोआप सैल होईल. आणि खरंच झालं की! तिसऱ्या चकरेला पाय डुगडुगायला लागला आणि क्रँक हातात. चांगल्या क्रँकवर हे करू नका, त्याचं चौकोनी भोक वाया जातं, माझा टाकाऊच होता.

मग नवा क्रँक चढवला. चौकोनी टोकावर छान बसला, बोल्ट आवळला, फिरवला आणि खर्र. लहान चेनव्हीलचे बोल्ट फ्रेमला घासतायत. म्हणलं अजून नीट आवळलं गेलं नसेल म्हणून अजून आवळला, मग तर जास्तच घासायला लागलं. साहजिक आहे, टोक निमुळतं असतं, जितकं आवळाल तितकं क्रँक आत जातो. पण तेव्हा ते डोक्यात येईना.

शेवटी पेठेतल्या काकांकडे गेलो. काका क्रँक कॉटर पिननं अडकवायच्या काळातले, काळ्या सायकलींच्या पिना हातोडीनं ठोकत मोठे झालेले, गिअरच्या सायकलींना अजूनही 'नखरेवाली' म्हणतात. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"आतला एक्सल कितीचा आहे?"

"चौकोनीच आहे काका."

"चौकोनी हाय ते दिसतंय ओ मला. कितीचा?"

मला उत्तर येईना. काका हसले. म्हणाले उघडून बघा, त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतंय.

उघडायचं म्हणजे बीबी बाहेर काढायचा. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, एक्सल आणि त्याच्या बेअरिंगचा फ्रेममध्ये बसणारा संच. तो दोन बाजूंच्या आट्यांच्या कपांनी फ्रेममध्ये धरलेला असतो, आणि त्याचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. मी आदल्या दिवशी घरी तो सोडवायचा प्रयत्न केला होता आणि पान्ह्यावर अक्षरशः उभा राहिलो होतो, म्हणजे मी तो अर्धा तास आवळत होतो. काकांनी सांगितलेलं मला आवडलं, आटे सुलटे का उलटे हे लक्षातच ठेवू नका, पान्हा वरच्या बाजूला धरा आणि पुढच्या चाकाकडे ढकला, दोन्ही बाजूंचे कप सुटतात. पायडलचं बरोबर उलटं, पान्हा वर धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पायडल सुटतात.

बीबी निघाला. पुसल्यावर अंगावर छापलेलं दिसलं, ६८-११३. यातला ६८ म्हणजे फ्रेमच्या ज्या नळीत तो बसतो तिची रुंदी, आणि ११३ म्हणजे एक्सलची एकूण लांबी. दोन्ही मिलिमीटर. आता नव्या क्रँकच्या पेटीतला कागद, जो मी न वाचता सोफ्याखाली टाकला होता, तो घरी जाऊन शोधला तर त्यावर स्पष्ट लिहिलेलं की एक्सल १२२.५ पाहिजे, चेनलाइन ५०. चेनलाइन म्हणजे सीटच्या नळीच्या मध्यापासून मधल्या चेनव्हीलच्या मध्यापर्यंतचं अंतर. माझ्याकडे एक्सल साडेनऊ मिलिमीटर कमी, म्हणजे प्रत्येक बाजूला पावणेपाच, आणि तेवढीच चेनव्हील आत सरकलेली. जुन्या क्रँकला ११३ बरोबर होता कारण त्याचा दांडा आणि चेनव्हील यांची ठेवणच वेगळी होती. क्रँकचं भोक किती खोल आणि त्यापासून चेनव्हील किती बाहेर धरलेलं, हे दर मॉडेलचं वेगळं असतं. बाहेरून सगळे चौकोन सारखेच दिसतात राव.

आणि चौकोनात पण दोन जाती आहेत हे मला नंतर कळलं, जपानी जिस (JIS) आणि युरोपातला आयएसओ (ISO), ही मापांची मानकं. उतार दोन्हींचा सारखा २ अंशच, पण आयएसओचं टोक बारीक, त्यामुळे जिसचा क्रँक त्यावर घातला तर आणखी काही मिलिमीटर आत जातो. शिमानो कंपनीचे चौकोनी बीबी जिस असतात, माझा क्रँकही जिस, त्यामुळे त्या फेऱ्यातून वाचलो, नशिबानं, अकलेनं नाही.

नवा बीबी मागवताना परत चुकणार होतो. क्रँक एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाइकचा आहे म्हणून ७३-१२२.५ वर बोट गेलेलं. पण ६८ की ७३ हे क्रँक ठरवत नाही, फ्रेम ठरवते. काकांचा व्हर्नियर घेऊन नळी मोजली, ६८. आटे साधे इंग्लिशच होते, नाहीतर इटालियन म्हणून एक प्रकार असतो ज्याला दोन्ही बाजूंना सुलटेच आटे आणि नळी ७० ची, पण तो आपल्या हायब्रिडला कुठून असणार.

बीबी आला, काकांनी आट्यांना ग्रीस लावून बसवला. क्रँकच्या चौकोनाला ग्रीस लावायचं का नाही यावर लोक भांडतात, काका म्हणाले पुसून कोरडं लावतो आणि लावलं, मी गप्प बसलो. बोल्ट मी गॅरेजवाल्या मित्राच्या टॉर्क पान्ह्यानं ४० न्यूटन मीटरला आवळले. फिरवला, खर्र नाही, मधल्या चेनव्हीलचं अंतर पट्टीनं बघितलं तर पन्नासच्या जवळ. चहा मागवला.

पण पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, होताच. तो ४८ दातांच्या हिशोबानं वर लावलेला आणि आता मोठं चेनव्हील ४४ चं. एका दातामागे त्रिज्या साधारण २ मिलिमीटर बदलते, म्हणजे डिरेलर ८ मिलिमीटर खाली घ्यायला लागला, चेन ज्यातून जाते त्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी दातांच्या वर १ ते ३ मिलिमीटर राहील इतका. खाली घेतला की केबलचा ताण बदलतो, मग ते परत, मग डिरेलर किती आत-बाहेर जाईल ते ठरवणारे दोन्ही स्क्रू परत. यात अख्खी संध्याकाळ गेली. पिंजऱ्याचा बाक अजूनही ४८ चाच आहे त्यामुळे मागच्या टोकाला फट जरा जास्त दिसते, चालतंय.

मागच्या डिरेलरचं गणित मी आधी केलेलं नव्हतं, नंतर केलं आणि घाम फुटला. पुढचा फरक ४४ वजा २२ म्हणजे २२, मागचा ३२ वजा ११ म्हणजे २१, बेरीज ४३, आणि माझ्या डिरेलरची क्षमता, म्हणजे दातांचा एवढा फरक झाला तरी चेन ताणून धरायची ताकद, बरोब्बर ४३. जुनी बेरीज ४१ होती. एक दात जरी जास्त असता तरी पुढचं-मागचं दोन्ही सगळ्यात लहान चाक लावल्यावर चेन लोंबली असती. चेन आठ गिअरचीच घेतली, क्रँक नऊ गिअरचा असला तरी चालते, आणि मोठं चेनव्हील ४ दातांनी कमी झालं म्हणून जुनीपेक्षा एक इंच, म्हणजे दोन कड्या कमी ठेवली.

परवाच्या रविवारी घाट चढलो. चेन उडाली नाही, गुडघा शाबूत. २२-३२ वर मिनिटाला सत्तर फेरे मारले तर वेग ताशी सव्वासहा किलोमीटर होतो हे गणित मी घरी केलं नव्हतं, ते मला घाटात एका मॉर्निंग वॉकवाल्या आजोबांनी सोबत चालत चालत समजावलं, आणि मग वळणावर "येतो हं" म्हणून पुढे निघून गेले.